शब्द पाठ आहेत, पण लिहिताना सुचत नाहीत

प्रगत इंग्रजी शब्दसंपत्ती आणि वाक्प्रचार यांबद्दल वाचकांनी पाठवलेले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : चार महिन्यांपासून मी रोज ४० अवघड शब्द पाठ करते आहे. यादी उघडली की सगळे ओळखीचे वाटतात. निबंध लिहायला बसलं की एकही सुचत नाही. माझं पाठांतर कच्चं आहे की पद्धतच चुकते आहे?

उत्तर : पद्धत चुकते आहे. समोर दिसणारा शब्द ओळखणे आणि कोऱ्या कागदावर तो स्वतःहून आठवणे ही दोन निराळी कामे आहेत. यादीत शब्द आणि अर्थ शेजारी-शेजारी छापलेले असतात. नजर दोन्हींवरून फिरते, डोक्याला शोधाशोध करावी लागत नाही आणि 'येतंय की' असा भास होतो. अर्थाची बाजू उघडी ठेवा, शब्दाची झाका आणि दहा सेकंद थांबा. आठवला नाही तरी हरकत नाही. या झटापटीने जे पक्के होते ते नुसत्या वाचनाने होत नाही.

दुसरा घोळ यादीच्या रचनेत आहे. बऱ्याच याद्या समानार्थी शब्दांचे गठ्ठे करतात. 'मिटिगेट', 'अलिव्हिएट', 'अले', 'असवेज', 'अबेट' हे सगळे एका पानावर आणि सगळ्यांपुढे अर्थ एकच, 'कमी करणे'. पाचही एकाच दिवशी शिकलात की ते एकमेकांत मिसळतात आणि आठवड्याने कोणता कुठे वापरायचा हे सांगता येत नाही. खरे तर प्रत्येकाचे घर वेगळे आहे. भीती किंवा शंका 'अले' करतात, अपराधाची टोचणी 'असवेज' करतात, वेदना आणि दारिद्र्य 'अलिव्हिएट', धोका आणि दुष्परिणाम 'मिटिगेट'. 'अबेट'ला तर बहुधा कर्म लागतच नाही; वादळ आपले आपण 'अबेट' होते. हे पाच शब्द पाच वेगळ्या आठवड्यांत शिका, प्रत्येक त्याच्या ठरलेल्या सोबत्यासकट. सगळे पक्के झाल्यावर मग एका पानावर आणून फरक तपासा, त्याआधी नाही.

राहिला ४० हा आकडा. रोज सात-आठ नवे शब्द पुरे. का, त्याचा हिशेब पुढे उजळणीच्या उत्तरात आहे.

प्रश्न : वहीत मी शब्द आणि त्यापुढे मराठी अर्थ लिहितो. आणखी काय लिहायला हवं?

उत्तर : अर्थ जरूर लिहा, पण काम तिथे संपत नाही, सुरू होते. वर आलेला 'मिटिगेट'च घेऊ. पहिली ओळ अर्थाची : तीव्रता कमी करणे. दुसरी सोबत्यांची : रिस्क, इम्पॅक्ट, इफेक्ट्स, डॅमेज. या ओळीवरून लगेच लक्षात येते की जे वाईट आहे आणि पूर्ण टळणारे नाही तेच 'मिटिगेट' करतात. शरीराचे वजन किंवा गाडीचा वेग कमी करायला हा शब्द चालत नाही. तिसरी ओळ रचनेची : कर्म थेट येते, मध्ये काही नको. 'मिटिगेट अगेन्स्ट' ही चूक सर्रास दिसते. 'अगेन्स्ट' लागतो तो 'मिलिटेट' या दुसऱ्याच क्रियापदाला, ज्याचा अर्थ 'आड येणे'. चौथी ओळ गोतावळ्याची : 'मिटिगेशन', 'मिटिगेटिंग सर्कमस्टन्सेस', म्हणजे दोष किंवा शिक्षा सौम्य ठरावी अशी परिस्थिती, आणि 'ॲन अनमिटिगेटेड डिझास्टर', ज्यात चांगले काही शोधूनही सापडत नाही अशी दुर्दशा. शेवटी जिथे शब्द भेटला ते मूळ वाक्य आणि त्याखाली तुमचे स्वतःचे एक.

ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५७ मध्ये मांडले होते की शब्द ओळखायचा तो त्याच्या संगतीवरून. परीक्षकाच्या नजरेला खुपते तेही बहुतेक वेळा अर्थाचे अज्ञान नसते, संगत चुकलेली असते. म्हणून ज्या शब्दाला विशिष्ट 'प्रेपझिशन' लागते, तो वहीत एकटा लिहूच नका. 'अव्हर्स टु', 'कन्ड्यूसिव्ह टु', 'इम्पर्व्हिअस टु', 'फ्रॉट विथ', 'कमेन्शरेट विथ', 'डिव्हॉइड ऑफ', 'कन्टिन्जंट ऑन' हे जोडशब्दच आहेत असे समजून पाठ करा. उलट 'डिस्कस' आणि 'कम्प्राइज' यांच्या पुढे काहीही लागत नाही. 'डिस्कस अबाउट' आणि 'कम्प्राइज ऑफ' लिहिण्याची सवय असेल तर त्या दोन्ही नोंदींवर लाल फुली मारून ठेवा.

एवढी नोंद करायला शब्दामागे चार-पाच मिनिटे जातात. रोज ४० शब्द का जमणार नाहीत, याचे अर्धे कारण इथेच मिळते.

प्रश्न : उजळणी किती दिवसांनी करावी? मोबाइलच्या ॲपमध्ये माझी ९०० कार्डं साचली आहेत आणि आता ते उघडायचीच भीती वाटते.

उत्तर : शिकलेले विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वांत जास्त असतो आणि नंतर मंदावतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरजुळण्या स्वतः पाठ करून हे मोजले आणि १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. त्यामुळे पहिल्या उजळण्या दाट हव्यात, पुढच्या विरळ. जर्मन विज्ञानपत्रकार सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये त्यासाठी कप्प्यांची पद्धत सुचवली. ती कागदी कार्डांवरही उत्तम चालते. पाच कप्पे करा. नवे कार्ड पहिल्यात टाका. पहिला कप्पा रोज पाहा, दुसरा एक दिवसाआड, तिसरा चार दिवसांनी, चौथा आठ आणि पाचवा सोळा दिवसांनी. उत्तर बरोबर आले तर कार्ड पुढच्या कप्प्यात जाते, चुकले तर कुठूनही थेट पहिल्यात. 'अंकी'सारखी ॲप्स असे वाढते अंतर आपोआप मोजतात.

आता हिशेब. प्रत्येक कार्ड किमान पाच वेळा समोर येते. रोज ८ नवी घेतली तर काही आठवड्यांनी रोजची उजळणी ४० च्या आसपास स्थिरावते, चुकलेली धरून ५०. कार्डामागे १५ ते २० सेकंद, म्हणजे साधारण पाव तासाचे काम. तेच रोज ४० नवी घेतली तर उजळणी २०० ते २५० वर जाते, रोज तासाहून अधिक. चार दिवस खाडा झाला की हजारभर कार्डे अंगावर येतात. तुमचे नेमके तेच झाले आहे.

सुटका करून घ्यायची तर नवी कार्डे पूर्ण बंद करा. रोज ६० ची मर्यादा घाला आणि कमी अंतराची, म्हणजे अलीकडे शिकलेली कार्डे आधी काढा. दोन महिन्यांचे अंतर गाठलेले कार्ड आणखी दहा दिवस थांबले तर फारसे बिघडत नाही. दोन दिवसांचे कार्ड दहा दिवस थांबले तर ते पुन्हा नवेच शिकावे लागते. एखादे कार्ड आठ वेळा चुकले असेल तर ते नव्याने लिहा किंवा सरळ फेकून द्या. अशा वेळी दोष बहुधा कार्डाच्या लिखाणात असतो.

लिखाणाबद्दल एकच सूचना. कार्डाच्या पुढच्या बाजूला नुसता अर्थ नको, गाळलेल्या जागेचे वाक्य हवे आणि शब्दाचे पहिले अक्षर दिलेले हवे : 'द न्यू एम्बँकमेंट विल मि… द इम्पॅक्ट ऑफ फ्लड्स.' पहिले अक्षर नसेल तर तिथे 'रिड्यूस' आणि 'लेसन'सुद्धा बसतात आणि तुम्ही बरोबर असून कार्डाच्या लेखी चुकता.

प्रश्न : 'प्रगत' म्हणवून घ्यायला एकूण किती शब्द लागतात?

उत्तर : न्यूझीलंडचे भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांच्या २००६ मधल्या अभ्यासानुसार वर्तमानपत्र किंवा कादंबरी कोशाविना वाचायची तर ८,००० ते ९,००० शब्दकुटुंबे लागतात, बोलणे समजायला ६,००० ते ७,०००. 'डेव्हलप', 'डेव्हलपर', 'डेव्हलपमेंट' हे सगळे मिळून एक कुटुंब. या हिशेबात अट अशी की मजकुरातले ९८ टक्के शब्द ओळखीचे असावेत, म्हणजे ५० मध्ये एकच अनोळखी. ही कसोटी घरीच लावता येते. २०० शब्दांचा उतारा घ्या आणि अडलेल्या शब्दांखाली रेघ मारा. चार रेघा झाल्या तर मजकूर तुमच्या आवाक्यात आहे. दहाच्या वर गेल्या तर शब्द शिकण्यासाठी तो मजकूर फार जड आहे, सोपा निवडा.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी सर्वाधिक वापरातले दोन-तीन हजार शब्द पक्के हवेत. त्यानंतर भाषातज्ज्ञ ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेली शैक्षणिक शब्दांची यादी घ्या. तिच्यात 'अझ्यूम', 'डिराइव्ह', 'सब्सिक्वंट' अशी ५७० कुटुंबे आहेत आणि शैक्षणिक मजकुराचा सुमारे दहावा हिस्सा तेवढ्यांनीच व्यापलेला असतो. त्यापुढे याद्यांचा उपयोग झपाट्याने घटतो. तुमच्या विषयातले लेख वाचा आणि जो शब्द दुसऱ्यांदा भेटेल तोच कार्डावर घ्या. 'डिफेनेस्ट्रेशन', म्हणजे कोणाला खिडकीबाहेर फेकणे, हा शब्द ऐकायला झकास आहे. लिहायची वेळ क्वचितच येते.

प्रश्न : एका सहकाऱ्याच्या बढतीत दुसरा खोडा घालतो, असं सांगताना मी 'ही इज पुलिंग हिज लेग' लिहिलं. तपासणाऱ्यांनी ते खोडलं. चूक काय? आणि इंग्रजी वाक्प्रचार शिकायचे तरी कसे?

उत्तर : तुमच्या मनात मराठीतले 'पाय ओढणे' होते. इंग्रजीत 'पुल समवन्स लेग' म्हणजे खोटेच काहीतरी सांगून गमतीने फिरकी घेणे. त्यात वैर नसते. तुम्हाला हवा होता तो 'अंडरमाइन' हा साधा शब्द.

सगळेच वाक्प्रचार असे दगा देत नाहीत, आणि अडचण तिथेच आहे. नक्राश्रू इंग्रजीतही मगरीचेच असतात, जखमेवर मीठही तसेच चोळले जाते. पण आपण आगीत तेल ओतून भांडण वाढवतो आणि इंग्रजीत खवळलेल्या पाण्यावर तेल ओततात ते भांडण शमवायला. 'पोअर ऑइल ऑन ट्रबल्ड वॉटर्स' हे 'आगीत तेल' समजून वापरले की वाक्याचा अर्थ बरोबर उलटा होतो. भांडण वाढवण्यासाठी तिथे 'ॲड फ्युएल टु द फायर' आहे. म्हणून मराठीसारखा दिसणारा वाक्प्रचार कोशात पाहिल्याशिवाय वापरू नये. अनोळखी वाक्प्रचार निदान अडवतो तरी. ओळखीचा वाटणारा बिनदिक्कत पुढे जाऊ देतो.

अर्थ कळल्यावर त्याची लवचिकता तपासा. 'स्पिल द बीन्स', म्हणजे गुपित फोडणे, कर्मणी प्रयोगात चालतो. 'किक द बकेट', म्हणजे मरणे, चालत नाही. 'द बकेट वॉज किक्ड' म्हटले की कोणीतरी खरोखरच बादलीला लाथ मारलेली असते. शिवाय हा वाक्प्रचार थट्टेचा आहे, सांत्वनपत्रात तो आला तर अनर्थ. 'इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्स' हा मुख्यतः पाठ्यपुस्तकांतच जिवंत आहे. तो समजावा, वापरू नये. काहींना देशाप्रमाणे अर्थ बदलतो : ब्रिटनमध्ये प्रस्ताव 'टेबल' केला म्हणजे चर्चेला मांडला, अमेरिकेत 'टेबल' केला म्हणजे लांबणीवर टाकला. एकाच बैठकीत दोन्हीकडची माणसे असतील तर हा शब्द टाळलेलाच बरा.

वाक्प्रचार ओळखता येतील तितके ओळखा, वापरा मात्र मोजके. औपचारिक निबंधात एकही नसला तरी बिघडत नाही. त्यापेक्षा 'फ्रेजल व्हर्ब्ज'वर, म्हणजे क्रियापदाला 'आउट', 'ऑफ' असा छोटा शब्द जोडून होणाऱ्या क्रियापदांवर, वेळ घालवा, ती पावलोपावली लागतात : 'रूल आउट', 'फेज आउट', 'आयर्न आउट', 'फॉल थ्रू', 'पुट अप विथ'. त्यांत एक खाचखळगा आहे. जी क्रियापदे फुटतात त्यांच्यात सर्वनाम मध्येच यावे लागते. 'पुट ऑफ द मीटिंग' आणि 'पुट द मीटिंग ऑफ' दोन्ही बरोबर. पण 'पुट इट ऑफ'च, 'पुट ऑफ इट' कधीच नाही. 'लुक आफ्टर' मात्र फुटत नाही, म्हणून 'लुक आफ्टर इट'. कार्डावर क्रियापद नुसते न लिहिता 'इट' घालून लिहिले की हा प्रश्न कायमचा मिटतो.

प्रश्न : इंग्रजी-मराठी कोश वापरावा की इंग्रजी-इंग्रजी?

उत्तर : झाड, अवजार, अवयव, आजार असल्या वस्तुवाचक नामांसाठी इंग्रजी-मराठी. बाकी सगळ्यांसाठी शिकणाऱ्यांकरता केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश, म्हणजे ज्याला 'लर्नर्स डिक्शनरी' म्हणतात तो. मोठा साहित्यिक कोश नव्हे. कोशकार ए. एस. हॉर्नबी यांचा असा पहिला महत्त्वाचा कोश १९४२ मध्ये जपानमध्ये निघाला आणि पुढे ऑक्सफर्डने १९४८ मध्ये तो काढला. लाँगमनच्या १९७८ च्या कोशाने व्याख्या सुमारे २,००० सोप्या शब्दांत बसवल्या. १९८७ च्या 'कोबिल्ड' कोशाने अख्ख्या वाक्यांत व्याख्या दिल्या, त्यामुळे शब्दाची रचना व्याख्येतच दिसते.

कोश उघडला की आधी उदाहरणे वाचा, मग व्याख्या. आणि 'फॉर्मल', 'इन्फॉर्मल', 'डिसअप्रूव्हिंग', 'ओल्ड-फॅशन्ड' असे जे बारीक शिक्के असतात ते वहीत उतरवा. नामापुढचे 'सी' (मोजता येणारे) आणि 'यू' (न मोजता येणारे) सोडू नका. 'इन्फर्मेशन्स', 'ॲडव्हाइसेस', 'इक्विपमेंट्स' या चुका त्या एका अक्षराकडे दुर्लक्ष केल्याने होतात.

प्रश्न : लॅटिन आणि ग्रीक धातू पाठ केले तर हजारो शब्द आपोआप येतात म्हणे. खरं का?

उत्तर : अर्धे खरे. भेटलेला शब्द स्मरणात रोवायला धातू फार उपयोगी पडतात. बोलण्याचा अर्थ असलेला 'लोकू' धातू माहीत असला की 'एलक्वंट', 'लक्वेशस', 'कलोक्विअल', 'सलिलक्वी' एका खुंटीला टांगता येतात. पण न भेटलेल्या शब्दाचा अर्थ धातूवरून ताडायला गेलात तर फसाल. 'इनफ्लेमेबल' म्हणजे न पेटणारे नव्हे, सहज पेटणारे. 'इनव्हॅल्युएबल' म्हणजे कवडीमोल नव्हे, अनमोल. 'पेड' लॅटिनमध्ये पाय, म्हणून 'पिडेस्ट्रिअन'. ग्रीकमधून आला तर मूल, म्हणून 'पीडिॲट्रिक्स'. 'अँटिसिपेट'मध्ये विरोध कुठेच नाही, तो 'आधी' या अर्थाचा उपसर्ग आहे. 'नाइस' तर अज्ञानी या अर्थाच्या लॅटिन शब्दातून आला आहे. तीस-चाळीस धातू आणि नेहमीचे उपसर्ग एवढे पुरे.

प्रश्न : वाचताना सगळं कळतं, बोलता-लिहिताना तेच चार शब्द फिरून फिरून येतात. उपाय?

उत्तर : उताऱ्याची पुनर्रचना. चांगला लिहिलेला १५० शब्दांचा उतारा घ्या, प्रत्येक वाक्याचा आशय दोन-तीन शब्दांत टिपा, मूळ उतारा तीन दिवस बाजूला ठेवा आणि मग टिपणांवरून तो पुन्हा लिहून काढा. लगेच लिहिलात तर ताजी आठवणच उतरेल, म्हणून मध्ये तीन दिवस. नंतर मुळाशी ताडून पाहा. लेखकाने जिथे नेमका शब्द वापरला आणि तुम्ही 'गुड', 'बिग', 'व्हेरी'वर भागवले, तो शब्द तुम्हाला कळत होता पण हाताशी नव्हता. आठवड्याच्या कार्डांसाठी तोच माल. बेंजामिन फ्रँकलिन तरुणपणी 'स्पेक्टेटर' नियतकालिकातल्या निबंधांवर हेच करत. आपला शब्दसाठा तोकडा आहे, निदान वेळेला हाती येत नाही, हे त्यांना त्यातूनच उमगले. आठवड्याला दोन उतारे पुरेत.

प्रश्न : निबंधात भारदस्त शब्द पेरले तर जास्त गुण मिळतात का?

उत्तर : नेमके असतील तर. 'यूज'च्या जागी 'यूटिलाइज' केल्याने काही साधत नाही. 'प्लेथोरा' म्हणजे पुष्कळ नव्हे, गरजेपेक्षा जास्त. 'नोटोरिअस' कुप्रसिद्ध असतो. 'फुलसम प्रेझ' ही तोंडभरून केलेली खरी स्तुती नसते, बहुधा खुशामत असते. 'बेंट ऑन'च्या पुढे सहसा सूड किंवा विध्वंसच येतो, समाजसेवा नाही. ज्या शब्दाची पाच छापील वाक्ये तुमच्या नजरेखालून गेलेली नाहीत तो परीक्षेत वापरू नका.

प्रश्न : वाचनातून शिकलेले शब्द बोलताना उच्चार हमखास चुकतो.

उत्तर : स्पेलिंगवरून उच्चार ठरवल्याचा हा परिणाम. 'एपिटोम' नव्हे, 'इपिटमी'. 'हायपरबोल' नव्हे, 'हायपर्बली'. तसेच 'फसाड' (facade), 'डेब्री' (debris), 'सटल' (subtle), 'अराय' (awry). 'मायझल्ड' असा शब्दच नाही, तो 'मिस-लेड' (misled) आहे. 'डेलिबरेट' क्रियापद असेल तर शेवटी 'रेट', विशेषण असेल तर 'रट'. आघाताचा एक नियम बऱ्याच ठिकाणी तारतो : शेवटी 'इक' किंवा 'शन' आला की जोर त्याच्या लगेच आधीच्या अवयवावर पडतो. म्हणून 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्यावर आणि 'फोटोग्रॅफिक'मध्ये 'ग्रॅ'वर. कार्ड बनवतानाच कोशातला आवाज दोनदा ऐका, आघाताच्या अवयवाखाली रेघ मारा आणि उजळणीच्या वेळी शब्द मनात न म्हणता मोठ्याने म्हणा.